भादव्यातल्या रजेचं गाऱ्हाणं

आमच्या इमारतीच्या वॉचमनपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत तमाम बोरिवलीकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी प्रस्तुत लेखकाला कुणीतरी आपणहून नोकरी देऊ केली होती. टाळ्या कृपया शेवटी वाजवाव्यात.

मी छापखान्यात शाई जुळवतो. गिऱ्हाईक मिठाईचा जुना, तेलकट खोका टेबलावर टाकतं आणि म्हणतं, "हाच लाल पाहिजे." तो लाल मी काढून देतो. सव्वीस वर्षं हे काम मुलुंडला केलं. मग एके दिवशी अंधेरीच्या एका बड्या छापखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला. पगार दीडपट, वर अंधेरी घराजवळ. मी उभ्या उभ्या नाचलो.

अट फक्त एक. दिवाळीच्या खोक्यांची छपाई नेमकी भाद्रपदात असते, म्हणून त्या महिन्यात रजा नाही.

भाद्रपदात! गणपतीत! गावच्या घरी आमचं भजन मी सांगतो. मुलुंडच्या मालकांनी पहिल्या वर्षी मला अडवून पाहिलं होतं, दुसऱ्या वर्षापासून तेच मे महिन्यात विचारायचे, "तिकीट काढलंस ना रे?" मालकीणबाईंना मी हे सगळं रंगवून सांगितलं. त्या कोरड्या इंग्रजीत म्हणाल्या, नियम सर्वांना सारखा, रविवारी अकराला व्हिडिओ कॉलवर काय ते कळवा.

घरात दोन तट पडले.

"अहो, घ्या नोकरी," बायको म्हणाली. "तुम्ही नाही गेलात तर गणपती काय दारातून परत जाणारेत?"

"पण भजन कोण सांगणार? काका?" मुलगी म्हणाली. "वाट लागली मग!"

"ते मात्र खरं. भावोजींनी तोंड उघडलं तर पाच दिवसांचे गणपती दीड दिवसात निघतील."

माझे वडील, जुने गिरणी कामगार, तोवर पेपर वाचत होते. ते एवढंच म्हणाले, "तुमचा चलू दे. मी गाऱ्हाणा घालतंय."

गाऱ्हाणं म्हणजे आमच्या कोकणात घरातल्या थोरल्याने देवापुढे नारळ ठेवून अडचण खणखणीत आवाजात सांगायची आणि दर वाक्याला बाकीच्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" हा होकार कुणी ठरवून देत नाही. लहानपणापासून घशात बसलेला असतो. शिंक यावी तसा येतो.

रविवार उजाडला. पगाराचा आकडा मला आदल्या दिवसापासून डोळे मारत होता, पण भजनाविना भादवा काही गळी उतरेना. मी नकार द्यायचं ठरवलं. नम्र इंग्रजी वाक्य पाठ केलं, इस्त्रीचा शर्ट घातला, लॅपटॉपपुढे बसलो. पलीकडचा मदतनीस म्हणाला, मॅडम येतायत, दोन मिनिटं. मी कॅमेरा बंद केला. कॅमेरा बंद केला की आवाजही बंद होतो, असा माझा तेव्हा ठाम समज होता.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे देव्हाऱ्यापुढे नारळ टेकला. वडिलांना वेळेचं भान अचूक!

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराक नवी नोकरी चलान इली हा—"

"व्हय म्हाराजा!" बायको स्वयंपाकघरातून, लाटण्यासकट.

"पगार बरो आसा. बाय पण बरी असतली—"

"व्हय म्हाराजा!" मुलगी. आणि काय सांगू, मीसुद्धा!

"पण भादव्यात ह्याका गावाक सोडूक नाय म्हणता—"

"व्हय म्हाराजा!"

वडिलांचा आवाज आता गिरणीच्या भोंग्याला लाजवील असा चढला. "तर त्या बायच्या मनात जा काय अडला आसात, ता सोडव, आणि पाच दिवस ह्याका गावाक धाडूची बुद्धी तिका दी रे म्हाराजाऽऽ!"

आम्ही तिघांनी छाती भरून श्वास घेतला. पण आमची तोंडं उघडायच्या आत लॅपटॉपमधून, त्याच कोरड्या इंग्रजीवाल्या आवाजात, मालकीणबाई कडाडल्या,

"व्हय म्हाराजा!"