भेसळीचे पेट्रोल आणि स्टोव्हचा भडका

ते प्रकरण विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण समोर बसलेला माणूस बोलता बोलता स्वतःच थिजला आणि त्याच्याबरोबर मीही थिजलो, असे एकदाच घडले.

तेव्हा मी अमरावती जिल्ह्यात, अचलपूरच्या बाजूच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. वऱ्हाडात शेतीची वाईट वर्षे चालू होती. आकस्मिक मृत्यूचे पंचनामे संपत नव्हते. निम्मे कर्मचारी शवविच्छेदनाच्या कागदांमागेच फिरत. अशातच एका सकाळी गावाबाहेरच्या फुलमळ्यातून निरोप आला की बाई जळाली.

बाई तिशीच्या आतली. नवरा-बायको झेंडू, शेवंती लावत आणि बाजारात नेऊन विकत. चहासाठी स्टोव्ह पेटवताना भडका उडाला, असे नवऱ्याचे म्हणणे. त्याने गोधडी टाकून आग विझवली होती आणि त्याचे दोन्ही पंजे भाजले होते. आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी प्रथमोपचार करून बाईला अमरावतीला पाठवले. तिथे नायब तहसीलदारांनी तिचा जबाब घेतला.

"स्टोव्हचा भडका झाला. कोनाचा दोष नाई," एवढेच ती सांगत होती. रॉकेल कुठून आणले होते, या प्रश्नावर मात्र ती अडखळली. मग म्हणाली, "रेशनचं."

नायब तहसीलदार बाहेर येऊन मला म्हणाले, "बाई काहीतरी लपवते आहे." मलाही तसेच वाटले. जळालेल्या बायका नवऱ्याला वाचवण्यासाठी काय काय सांगतात, हे आम्ही पुष्कळ पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी तिचा थोरला भाऊ अकोल्याहून आला. धिप्पाड माणूस, ट्रक-टँकरवर ड्रायव्हरकी करणारा. रडून रडून डोळे सुजलेले.

"साहेब, माही बहीण भिऊन राह्यली. त्यानंच जाळलं तिले! महालक्ष्म्यांले माहेरी येतो म्हणे ती, अन् हा सोडत नव्हता. आदल्याच दिवशी भांडन झालं. इचारा शेजाऱ्यांले!"

शेजाऱ्यांनी भांडण झाल्याचे सांगितले. सणाच्या दिवसांत फुलांना भाव असतो, तोडणीला माणूस हवे, म्हणून नवरा तिला अडवत होता. भावाची फिर्याद नोंदवली, नवऱ्याला अटक केली. स्टोव्ह, गोधडी आणि अर्धी भरलेली रॉकेलची कॅन पंचांसमक्ष जप्त करून सील केली, नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले. अहवाल यायला तेव्हा महिनोन्महिने लागत. कोठडीत नवरा स्वतःच्या बचावाचे काहीच बोलेना. हातांना पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत त्याने एकच विचारले, "तिले तिकडं पानी कोन पाजून राह्यलं?"

त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयाचे ते डॉक्टर ठाण्यात आले. या वेळी तक्रार त्यांच्या मारुतीची होती.

"ठाणेदार साहेब, एकदा पेट्रोल भरले की गाडी सुरळीत चालते. पुढच्या वेळी त्याच पंपावर भरले की चढावर दम तोडते. धक्के खाते, इंजिन ठोकायला लागते. मिस्त्रीने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले. नवे प्लगही काळेकुट्ट झाले. काल पेशंटला घेऊन निघालो तर रस्त्यातच बंद पडली."

"मग पंप बदला," मी म्हणालो.

"दुसरा जवळ आहे कुठे? आणि नेहमी खराब असते तर समजलो असतो. कधी चांगले आणि कधी वाईट, हे कसे काय?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पंपवाला रोज भेसळ करत असेल तर माल रोज खराब निघायला हवा. पंपमालकाला बोलावले, तर तोच रडकुंडीला आलेला. गिऱ्हाइके त्याच्या अंगावर धावून येत होती. तालुक्याच्या पुरवठा निरीक्षकाला बरोबर घेऊन आम्ही प्रत्येक टँकर रिकामा झाल्यावर टाकीतल्या पेट्रोलची घनता तपासायला सुरुवात केली. माल कधी चोख निघे, कधी खराब. म्हणजे भेसळ पंपावर होत नव्हती, एखाद्या टँकरबरोबर ती येत होती.

पुढचा धागा खबऱ्याने दिला. अकोला डेपोतून निघालेले टँकर अकोट, अंजनगाव करून आमच्याकडे येत. त्या रस्त्यावर कापसाची सरकी काढणारी एक जिनिंग बंद पडली होती. "कापूस नाई, मजूर नाई, पन टँकर आत जाते अन् घंट्याभरानं बाहेर येते," खबऱ्या म्हणाला. "काहून जाते, थे तुमी पाहा."

भर दुपारी साध्या वेशात, पंचांना घेऊन आम्ही फाटकातून आत शिरलो. टँकरला पाइप लावलेला, हातपंप चालू. एका बाजूला पेट्रोलचे ड्रम, दुसऱ्या बाजूला रेशनच्या निळ्या रॉकेलचे. पेट्रोल काढून तेवढेच रॉकेल आत ओतायचे, असा उद्योग. टँकरचा ड्रायव्हर हात वर करून खाली उतरला आणि आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. तो त्या बाईचा भाऊ होता.

ठाण्यात आणल्यावर त्याने फारशी खळखळ केली नाही. उलट घाईच केली.

"हे समदं कबूल हाये, साहेब. लिहून घ्या. मालक जिनिंगचा, आमी फक्त हुकमाचे. पन याच्यापाई माह्या बहिनीची केस ढिली करू नका."

माझे हवालदार जुने, शांत माणूस. त्यांनी सहज विचारले, "तुला यात काय मिळत होतं?"

"पैसे. अन् एखादी कॅन रॉकेल."

"ते कुठे विकायचास?"

"इकत नाई, साहेब. बहिनीले देतो. तिले रेशनचं पुरत नाई."

मी लिहिता लिहिता थांबलो. हवालदारांनीही मान वर केली. भावाला अजून काहीच उमगले नव्हते.

"शेवटची कॅन कधी दिलीस?" मी विचारले.

"महालक्ष्म्यांचं बोलवनं कराले गेलो तवा. टँकर लवकर सोडाचा होता, म्हणून जे ड्रम समोर..."

एवढे बोलून तो थांबला. तोंड उघडेच राहिले.

"जिनिंगमध्ये पंप किती?" हवालदारांनी हळू आवाजात विचारले.

"एकच. पाइप बी एकच." मग, जणू दुसराच कोणी बोलतो आहे अशा आवाजात, "घाईत ड्रम कालवतात, साहेब. रॉकेलच्या अर्ध्या ड्रमात पेट्रोल पडते कधी कधी. निळंच दिसते थे."

पेट्रोलमध्ये रॉकेल गेले तर गाडी बंद पडते. रॉकेलमध्ये पेट्रोल गेले तर काडी लावताच स्टोव्ह भडकतो. इतकी साधी गोष्ट, आणि ती आमच्यासमोर त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडत होती.

न्यायालयाची परवानगी काढून जप्त कॅनचे सील पंचांसमक्ष उघडले. निरीक्षकाने झाकण काढताच नाक मागे घेतले. घनता पाहिली आणि नुसती मान हलवली. कोपऱ्यात बसलेला भाऊ दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड बडवू लागला. दोघा शिपायांना त्याला धरून ठेवावे लागले. "जवाईले सोडा," एवढेच तो म्हणत होता. "अगुदर त्याले सोडा."

पुरवणी जबाबासाठी मी स्वतः अमरावतीला गेलो. कॅन कोणी दिली, असे विचारताच बाईने तोंड फिरवले.

"रेशनचं व्हतं."

"ताई, तुझा नवरा आत आहे. तुला जाळल्याच्या आरोपाखाली."

तिने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरणार नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते. नातेवाइकांनी तिला सांगितले होते की हात बरे होईपर्यंत नवरा घरी आहे.

"अन् मले आता सांगता?" ती म्हणाली. मग तिने सगळे नीट सांगितले. चोरीच्या रॉकेलापायी भावाची नोकरी जाईल, त्याची लेकरे लहान आहेत, म्हणून ती रेशनचे म्हणत होती. आम्ही जिला नवऱ्याची भीती समजलो, ती भावाची काळजी होती. जबाब संपल्यावर ती म्हणाली, "साहेब, एक करा. भडका कोनत्या कॅननं झाला, थे भावाले सांगू नका."

भावाला ते आधीच कळले होते. मी जबाबाचे कागद आवरून उठलो.

पुराव्याअभावी नवऱ्याला सोडावे, असा अहवाल मी न्यायालयाला दिला आणि तो सुटला. नंतरचे थोडे दिवस तोच तिच्या उशाशी होता. ती वाचली नाही.

भावाला अंत्यसंस्कारासाठी बंदोबस्तात आणले, तेव्हा तिच्या सासरची माणसे त्याच्या अंगावर धावून गेली. आम्ही मध्ये पडण्याआधीच नवरा पट्ट्यांचे हात पसरून आडवा उभा राहिला. "येऊ द्या त्याले. तिचा भाऊ हाये थो." दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. सगळे आटोपेपर्यंत शेजारी उभे मात्र राहिले.

जिनिंगचा मालक आम्हाला उशिरा सापडला. पांढरे स्वच्छ कपडे, बोलणे नम्र. भेसळीचा आरोप त्याने वकिलाच्या सल्ल्याने ऐकून घेतला. मी बाईच्या मृत्यूचे सांगितले, तेव्हा तो खरोखर गोंधळला.

"साहेब, त्या बाईचा अन् आमचा काय संबंध? आमी तर तिले पायलं बी नाई."

नोकरीत मी हजारो खोटी उत्तरे ऐकली. खोटे बोलताना माणसाची नजर कुठे जाते, आवाज कुठे बदलतो, हे मला कळत असे. त्या दिवशी मी त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. तो खोटे बोलत नव्हता. आपण ओतलेले कोणाच्या स्टोव्हमध्ये जाऊन पेटले, हे त्याला सांगूनही समजत नव्हते. खुन्यांसमोर बसताना मला कधी भीती वाटली नाही. त्या माणसासमोर वाटली, आणि तशी माणसे आपल्या आसपास किती आहेत याचा विचार तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही.