कानबाईच्या ताटातली सहावी मूठ

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मागे उभा राहून हसणारा मी. आजही माझं डोकं ठिकाणावर आहे... पण हे घडलंय, आणि त्याचा रेकॉर्ड माझ्या मोबाईलमध्ये आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, आता पुण्यात. त्याआधी पाच वर्षं धुळ्यात सरकारी नोकरी केली. नोकरी लागली तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पारोळ्याहून पेढे आणून अख्ख्या गावात वाटले होते. मला मात्र रस भलत्यातच. ऑफिस सुटलं की खोलीवर कोडिंग शिकायचो, सेन्सर जोडून काहीबाही बनवत बसायचो. शेवटी राजीनामा दिला आणि पुण्याला कंपनीत लागलो. बरोबर केलं, परत तेच करेन. पण आबांनी बोलणं टाकलं. "परमनंट नोकरीले लाथ मारनारा आमनामा नही," आमच्यात असला कुणी नाही, एवढंच म्हणाले.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवीचे रोट, म्हणजे जाड पोळ्यांचा नैवेद्य, असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून रोट करायचे, आणि घरच्यांनीच संपवायचे. बाहेरच्याला तुकडाही देत नाहीत. मागच्या श्रावणात आबांनी आईला बजावलं – त्याची मूठ घ्यायची नाही. म्हणजे मी घरचा नाही. भावाने फोनवर सांगितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

आईच्या स्वयंपाकघरात मीच बनवलेला एक वजनकाटा होता. त्यावरच्या ताटात काही टाकलं की किती पडलं ते इकडे माझ्या मोबाईलवर उमटायचं. रोटांचे गहू घ्यायच्या शनिवारी सकाळी मी मोबाईल घेऊनच बसलो होतो. एक मूठ, दोन... आबा, काका, भाऊ, त्याची दोन पोरं. पाचवर थांबलं. पाचही मुठी आईच्याच लहान हाताच्या, त्यामुळे आकडे जवळपास सारखे.

अर्ध्या तासाने सहावा आकडा आला. जवळजवळ दुप्पट.

मी लगेच फोन लावला. "आई, माझी मूठ घेतलीस?"

"नही रे भाऊ. तुना आबा ना म्हनात ना. मी आन तुनी वहिनी देऊळमा शेतस. घरले कुलूप शे, चावी मनाकडे शे."

म्हणजे घर कुलूपबंद, आबा, काका आणि भाऊ वावरात, म्हणजे शेतात, पोरं शाळेत. मला वाटलं, माझ्या कोडमध्येच बग, म्हणजे चूक असणार. आईला म्हटलं, घरी जा आणि ताट बघ. फोन चालूच होता. कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पावलांचा.

"गहू वाढेल शेतस," ती म्हणाली. ताटातले गहू खरंच वाढले होते.

दुपारी आबा घरी आले, तेव्हा भावाने मला फोनवर घेतलं होतं. आई त्यांना सांगत होती, ताटात पडलेली मूठ परत काढत नाहीत, तिचा रोट खाणारा माणूस लागतो. आबांनी सगळ्यांना विचारलं, "कोनी टाकी?" जो तो म्हणाला, मी नाही. मग त्यांनी भावाकडून फोन घेतला. आठ महिन्यांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलले – "रोट खावाले ये."

रात्रीची बस पकडून रविवारी पोहोचलो. आबांनी स्वतः माझ्या ताटात रोट वाढला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी हळूच विचारलं, "आबा, तुम्हीच टाकली ना?"

"टाकानं मनमा व्हतं," आबा म्हणाले. "पन मी वावरमा व्हतू."

भाऊही शपथेवर तेच सांगतो, तिघं दुपारपर्यंत विहिरीवर मोटार दुरुस्त करत होते. मी काटा पूर्ण खोलून पाहिला, कोडची ओळन् ओळ तपासली. माझ्या कामात चूक नव्हती, आणि असती तरी ताटातले गहू कसे वाढतील? कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा.

यंदा मी आधीच गावी गेलो होतो. आईने पाच मुठी टाकल्या आणि ताटापासून बाजूला झाली. सहावी आबांनी टाकली, माझं नाव घेऊन. काट्यावर ती मागच्या वर्षीच्या सहाव्या मुठीपेक्षा मोठी भरली.