हलत नाही त्याला हात नाही

डॉक्टर माणसाशी बोलायचे ते त्याच्या तोंडात दोन्ही हात घालून. समोरच्याला उलट उत्तर देता येऊ नये म्हणूनच हा माणूस दातांचा डॉक्टर झाला असावा, असं माझं ठाम मत आहे. मी बदली होऊन साताऱ्यात आले आणि पहिल्याच महिन्यात दाढ ठणकायला लागली, म्हणून त्यांच्याकडे गेले. मी आ वासून पडलेली, आणि हे खिडकीतल्या एका गुलाबी दगडाकडे बोट दाखवून विचारताहेत, "हा कुठला वाटतो?" मी नुसती "आं, आं" करतेय. "चूक!" म्हणाले. "शिरवळजवळ विहीर खणताना निघालाय. रविवारी मंडळात या, म्हणजे कळेल."

दाढ मात्र त्यांनी काढली नाही. आधीच्या डॉक्टरने काढायलाच सांगितली होती. "हलत नाही त्याला हात लावायचा नाही," हे म्हणाले, आणि त्या डॉक्टरचा माझ्यादेखत असा उद्धार केला की मीच कानकोंडी झाले. ती दाढ अजून शाबूत आहे. राग आला की मी ती करकर चावते, आणि हल्ली राग फार येतो.

मंडळाचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण गाव त्याला 'दगड मंडळ' म्हणायचं. डॉक्टरांनीच ते सुरू केलेलं. कुठे नवी विहीर खणली असं कळलं की रविवारी डबे घेऊन आम्ही तिथे हजर. आपल्या या काळ्या कातळाच्या पोटात पोकळ्या असतात आणि त्यांत गुलाबी, पांढरे, हिरवट स्फटिक फुललेले असतात, हे मला चाळिशी उलटेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. सुरुंगाने उडालेल्या दगडांचे ढीग विहिरीकाठी पडलेले असायचे. त्यांतलं आवडेल ते घ्यायचं. भिंतीत धड राहिलेली पोकळी मात्र नुसती डोळ्यांनी बघायची. नियम तोच, दाढेचा.

निघताना डॉक्टर प्रत्येकाची पिशवी तपासायचे. एकदा एका इंजिनियरच्या पिशवीत नवाकोरा हातोडा निघाला. "अहो, हातोड्याशिवाय दगड कसे गोळा करायचे?" तो बिचारा म्हणाला. "मग बटाटे गोळा करा!" डॉक्टर कडाडले. तो हातोडा त्याला परत मिळाला नाही. पुढे दवाखान्याचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला तोच लावलेला असायचा. आणि हाच माणूस घरी आणलेला दगड जुन्या टूथब्रशने, दात कोरायच्या बारीक हत्याराने साफ करत बसला की दगडाला हळूच म्हणायचा, "दुखलं तर हात वर करा हं." मला त्यांनी असं कधी म्हटलं नाही.

औंधच्या अलीकडे माळावर पारूमावशीची विहीर होती. मेंढरांमागे हिंडणारं हे घर सासऱ्याच्या वेळी जमिनीवर स्थिरावलेलं. विहिरीच्या अर्ध्या पायऱ्या उतरलं की भिंतीत परातीएवढी पोकळी. सूर्य डोक्यावर आला की ऊन सरळ आत पडायचं, आणि हिरवे स्फटिक असे पेटायचे की आमची बोलती बंद. डॉक्टरांचीसुद्धा! मावशीने दगडांचे व्यापारी कधीच हाकलून लावले होते. "सासूनं बघितलं, म्या बघती, नात बी बघंल. इकायला ती काय शेरडं हायती व्हय?"

पहिल्याच भेटीत तिने डॉक्टरांना खडसावून विचारलं, "आवं, तुमची मान्सं फोडायची न्हाईत न्हवं?"

"माझ्या मंडळातला एकही हात लागणार नाही."

"सबूद?"

"शब्द," डॉक्टर म्हणाले.

मग दरवर्षी आम्ही जायचो. ती आम्हाला हुलग्याचं माडगं प्यायला द्यायची आणि डॉक्टर तिची कवळी घासूनपुसून नीट बसवून द्यायचे. एवढ्या वर्षांत डॉक्टरांना दम भरणारी तेवढी एकच बाई मी पाहिली, आणि त्यांना ते आवडायचं.

मग मंडळात अध्यक्षसाहेब आले. नाव घेत नाही, घेतलं तर चूळ भरावी लागेल. प्लॉट पाडून विकणारा माणूस. दगडातलं त्याला काडीचं कळत नव्हतं, पण सांगलीला प्रदर्शन भरवायचं होतं. मोठा हॉल, काचेच्या पेट्या, पाहुणे, हारतुरे. "एक तरी दणकेबाज नग पाहिजे," म्हणायचा. डॉक्टरांचं तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते घरात पडून.

हा गडी माणसं, हातोडे आणि दगड कापायचं यंत्र घेऊन विहिरीवर गेला. मावशी यमाईच्या दर्शनाला गेलेली, घरात एकटी सून. "डॉक्टरांनी पाठवलंय," म्हणाला. डॉक्टरांचं नाव ऐकून त्या पोरीने चहा टाकला हो! चहा ढोसून या नालायकांनी ती पोकळी भिंतीसकट कापून काढली. निम्मे स्फटिक खाली पाण्यात गेले.

आम्हाला कळलं ते थेट सांगलीत. डॉक्टर काठी टेकत पेटीपाशी आले, बघितलं आणि त्यांनी हॉल डोक्यावर घेतला. "कोणाला विचारून आणलंत?" अध्यक्ष हसत म्हणाला, "सर, तुमचं नाव सांगितलं की कामं होतात!" मला वाटलं, आता काठी बसणार. बसायला हवी होती. डॉक्टरांनी तिथल्या तिथे मंडळ सोडलं. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आले, 'मोठ्यांनी मन मोठं करावं', आणि खाली जोडलेले हात. जणू चूक डॉक्टरांचीच.

पण माझा खरा राग पुढच्या गोष्टीचा आहे. डॉक्टर पारूमावशीकडे गेले नाहीत. "चला, मी गाडीने नेते," मी म्हणायची. आधी गुडघा बरा व्हायचा होता. तो झाला. मग पाऊस उघडायचा होता. तोही उघडला. शेवटी मी भडकले, तेव्हा म्हणाले, "कोणत्या तोंडाने जाऊ? तिला वाटत असणार, मीच पाठवली ती माणसं."

"मग तसं नाही म्हणून सांगा ना जाऊन! नाहीतर मी एकटी जाऊन सांगते."

"खबरदार! शब्द माझा होता."

अख्ख्या साताऱ्याला फैलावर घेणारा माणूस एका म्हातारीला भ्यायला. दोन वर्षं अशीच घालवली, आणि एका सकाळी झटक्यात गेले.

शोकसभा मंडळाने ठेवली. मी गेले, तर स्टेजवर मखमल अंथरलेली, तिच्यावर तोच विहिरीतला दगड, आणि त्याला टेकवून डॉक्टरांचा हार घातलेला फोटो! अध्यक्ष गहिवरून सांगत होता, "डॉक्टरांनी आम्हाला दगडावर प्रेम करायला शिकवलं." मग त्याने मला दोन शब्द बोलायला बोलावलं. माझ्या अंगाची नुसती लाही झालेली. मी वर गेले, फोटोला हात लावला. नुसता टेकवलेला, हलत होता. हलतंय ते काढायला डॉक्टरांची कधीच हरकत नव्हती. मी तो काखोटीला मारला आणि स्टेज उतरले. "अहो मॅडम, अहो मॅडम," अध्यक्ष मागून माइकवरच ओरडायला लागला. "बटाटे गोळा करा!" दारातून मी ओरडले, आणि गाडी सरळ औंधकडे काढली.

पारूमावशी दारात शेंगा फोडत बसली होती. मला ओळखलं, आणि तिची नजर लगेच माझ्यामागे गाडीकडे गेली. "डाक्टर कुटं हायती?"

मी फोटो पुढे केला. तिने हार बघितला. मग एकदम फोटोलाच म्हणाली, "आत्ता सवड झाली व्हय?"

"मावशी, त्यांना लाज वाटत होती," मी म्हटलं. "त्यांचं नाव सांगून माणसं आली होती ना. त्यांना वाटलं, तुम्हाला ते खरं वाटलं असेल."

"मला?" मावशी ताडकन उठली, शेंगा सगळ्या अंगणात. "आवं, हातुडं घिऊन आल्याली मान्सं डाक्टरची कशी असतील? सून पोर हाय, तिला उमगलं न्हाई. मला बी कळत न्हाई व्हय?"

तिने माझ्या हातातून फोटो ओढून घेतला, हार काढून बाजूला टाकला आणि शेंबड्या पोराचं तोंड पुसावं तशी पदराने काच खसाखसा पुसायला लागली.

"दोन वर्सं रस्त्याकडं बघतीया मी. कवळी हलाय लागलीया, घास चावत न्हाई. पर दुसऱ्या कुनाला तोंडात हात घालू दिला न्हाई म्या." आणि मग माझ्यावरच ओरडली, "यायला काय झालं हुतं ह्या मानसाला?"