मातीतला उन्हाळा

आमच्या वीटभट्टीवर 'उन्हाळा' ही शिवी होती. कुणावर फारच राग आला तर खाणवाले म्हणायचे, "जा, तुझ्या घरात उन्हाळा शिरो!" आणि ऐकणाऱ्याला ते मनापासून लागायचं.

कारण भट्टीच्या मातीच्या खाणीत, तिच्या उभ्या भिंतीत होतं. सगळ्यांत खाली निळसर राखाडी चिकणमाती, तिला आम्ही खालचा हिवाळा म्हणायचो. तिच्यावर हातभर जाडीचा काळपट गाळ, तो उन्हाळा. त्याच्यावर पुन्हा तीच राखाडी माती, वरचा हिवाळा. दोन्ही हिवाळ्यांची वीट खणखणीत निघे. उन्हाळ्यात मात्र बर्च झाडांच्या काटक्या आणि पानं भरलेली. त्यातलं एखादं ढेकूळ चुकून विटेत गेलं की भट्टीत काटकी जळून जाई आणि वीट तडके. म्हणून तो गाळ आधी फावड्याने सोलून बाजूला टाकावा लागे, आणि त्या कामाला ना मजुरी ना शाबासकी.

लाउरिट्स क्येर या भिंतीसमोर पंधराव्या वर्षी उभा राहिला तो अडुसष्टाव्या वर्षापर्यंत. माती कशी आहे हे तो चावून सांगायचा. दाताखाली करकरली की चुनखडी आहे, वीट फुटणार. मुकादम बदलले, मालक बदलले, लाउरिट्सच्या दातांवर भट्टीचा भरवसा तसाच राहिला. गडी कष्टाळू, जरा बडबड्या, आणि एका बाबतीत पक्का हट्टी.

ती बाब म्हणजे हिरवं पान. अठरा वर्षांचा असताना त्याने उन्हाळ्यातलं एक ढेकूळ फोडलं आणि आत बर्चचं पान निघालं, हिरवंगार, आज सकाळी तोडल्यासारखं. पान मुठीत धरून तो शिडीवरून धावत वर गेला. वरच्या मांडवात कच्च्या विटा उलथवायला डाग्नी नावाची मुलगी होती. तिच्या हाताला मुंग्यांचा वेग आणि जिभेला सुरीची धार. महिनाभर तो तिच्याशी बोलायला निमित्त शोधत होता, आणि आता असं निमित्त सापडलं होतं की राजालाही सापडू नये.

"बघ, हिरवं पान! मातीतलं!"

त्याने मूठ उघडली. पान काळं ठिक्कर पडलं होतं.

"हे होय?" डाग्नी म्हणाली. "असलं माझ्या आजीच्या चहाच्या किटलीत तळाशी रोज असतं."

मांडव हसला. लाउरिट्सही हसला, आणि दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. पण पानाचा सोक्षमोक्ष काही लागला नाही. हवा लागली की ते पान डोळ्यांदेखत काळं पडे. लाउरिट्सने ते ओल्या फडक्यात आणून पाहिलं, बियरच्या बाटलीत आणून पाहिलं, एकदा तर चक्क तोंडात धरून आणलं. बंद ढेकळंही घरी आणली. पण शंभरात एखाद्यातच पान निघे, आणि भिंतीपासून सुटलेलं ढेकूळ घरी येईपर्यंत भेगाळलेलं असे. डाग्नीच्या स्वयंपाकघरात चिखल तेवढा व्हायचा. तिने खाली खाणीत यावं तर बाईचं पाऊल तळाला लागलं की भिंत कोसळते, असं आमच्याकडे मानत. बाकीचे खाणवाले तिला शपथेवर सांगत, "वहिनी, हिरवं असतं हो, आम्ही पाहिलंय!"

"तुमची जातच ती," डाग्नी म्हणायची. "एकानं थाप मारायची आणि दहांनी शपथ घ्यायची!"

पुढे कोपनहेगनहून बोडिल नावाची एक तरुण अभ्यासक बाई दर उन्हाळ्यात येऊ लागली. पत्र्याच्या डब्यांत ती पट्ट्यापट्ट्याची माती भरून नेई. डाग्नीच्या टेबलापाशी, काळा पाव आणि खारवलेला हेरिंग मासा खाता खाता तिने एकदा सगळा उलगडा केला. अकरा-बारा हजार वर्षांपूर्वी इथलं बर्फ मागे सरलं. जमीन उबदार झाली, बर्च आले, त्यांच्यामागे हरणं आणि माणसं आली. आणि मग अचानक थंडी परतली. समुद्र गारठला, जमीन गारठली, झाडं मेली. वरच्या हिवाळ्याच्या मातीत पाहावं तर बर्फाळ माळावरच्या बुटक्या पांढऱ्या फुलाची पानं तेवढी राहिलेली.

"समुद्र कशानं गारठला?" लाउरिट्सने विचारलं.

"ते अजून नीट कुणालाच ठाऊक नाही."

लाउरिट्सने पाव खाली ठेवला. आमची भट्टी गोल होती. तिच्यातली आग एका खणातून दुसऱ्या खणात अशी वर्षभर फिरत राही, कधी विझत नसे. "एवढं बर्फ वितळलं, ते पाणी गेलं कुठं? समुद्रातच ना?" तो म्हणाला. "खणात ओल्या विटा भरल्या की फिरती आग मंदावते. पुढचे सगळे खण गार पडतात. समुद्राचंही तसंच झालं असेल."

बोडिल त्याच्याकडे पाहतच राहिली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

"घ्या!" डाग्नी म्हणाली. "शिकल्यासवरल्या बाईलाही गुंडाळलं यानं." मग कॉफी ओतता ओतता तिने विचारलं, "पण ही थंडी यायला किती वर्षं लागली?"

"माणसाचं एक आयुष्य. कदाचित कमीच."

"म्हणजे लहानपणी रान आणि म्हातारपणी माळ?" डाग्नीने किटली खाली ठेवली. "त्या म्हाताऱ्यांनी पोरांना सांगितलं असेल, इथं झाडं होती म्हणून. कुणाला खरं वाटलं असेल?"

त्या दिवशी लाउरिट्सला आपली बायको फार आवडली.

काय दिवस होते ते! चाळीस माणसांचा राबता, दुपारच्या भोंग्याला मांडवातून येणारं बायकांचं हसणं, संध्याकाळी भट्टीच्या गरम भिंतीला पाठ टेकून ओढलेले पाइप. ती ऊब आता कुठल्या घरात मिळत नाही. मग काँक्रीट आलं आणि विटा कुणाला नकोशा झाल्या. त्रेसष्ट साली भट्टीतली आग विझली. शुक्रवारी दुपारी बारा वाजता खाणीतलं पाणी उपसणारा पंपही बंद होणार, खाण भरून तळं होणार, असं होल्गर मुकादमाने सांगितलं, तेव्हा लाउरिट्सला एकच गोष्ट सुचली. डाग्नीने ते पान अजून पाहिलेलं नाही. शुक्रवारनंतर ती कधीच पाहणार नाही, आणि आपण थापाड्याच राहणार.

"मातीच्या गाडीतून नेतो तुला खाली," त्याने सांगितलं. "होल्गर दोराचं चाक फिरवेल, गाडी रुळावरून अलगद उतरेल."

"माझा खुबा गेलाय, अक्कल नाही. मी काय माती आहे गाडीत घालायला?"

"माती नुसती वर आणतात, खाली नेत नाहीत. तुला खाली नेऊ आणि परत वर आणू."

"आणि भिंत कोसळली म्हणजे?"

"कोसळू दे! आता कुणाचं काय जातंय?"

ती नाहीच म्हणाली. शुक्रवारी सकाळी लाउरिट्स एकटाच निघाला, ठेवणीतले बूट पॉलिश करून. डाग्नीने दारातून पाहिलं. एका पायात काळा बूट होता, एका पायात तपकिरी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हे त्याने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. बुटांबद्दल डाग्नी चकार शब्द बोलली नाही. तिने डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाली, "चल, आण तुझी गाडी."

खाणीच्या तळाशी पंप धपधपत होता. ती गाडीतच, पोत्यावर बसून राहिली. लाउरिट्स भिंतीतून ढेकळं काढी, तिच्यापुढे आणून फोडी. पहिल्यात काटक्या. दुसऱ्यात काहीच नाही. दहा झाली, वीस झाली. वरून होल्गर ओरडला, "बारा वाजायला सात मिनिटं!" भिंतीत खोलवर, हात पुरेल तिथवर फावडं घालून लाउरिट्सने एक मोठं ढेकूळ ओढलं, आणि तिच्या मांडीपाशी धरून ते दुभंगलं.

त्याला नुसता एक गडद डाग दिसला. हिरवा की काळा, काही कळेना.

डाग्नी वाकली.

"आहे का पान?" त्याने विचारलं. "बोल ना गं. कसं आहे?"

"थांब. बघू दे."

पंप धपधपत राहिला.

"हिरवं आहे," ती म्हणाली. "कडेला दाते आहेत. शिरांपाशी पिवळसर. आता देठाकडून काळं व्हायला लागलं... झालं. गेलं."

लाउरिट्स मातीचे दोन तुकडे तसेच धरून उभा होता. "खरं सांगतेस? की माझं मन राखायला म्हणतेस?"

"पन्नास वर्षांत मी कधी तुझं मन राखलंय?"

लाउरिट्सने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्याला एकही वेळ आठवली नाही.