शोकवार्तेत खूण कुठे करायची

किस्से जमवायला आम्ही कधी बसलो नव्हतो. पण चहाच्या वेळेला एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि काम तसंच राहतं. शहाद्यात एसटी स्टँडपासून जवळच, वरच्या मजल्यावर आमच्या बातम्यांच्या वेबसाइटचं ऑफिस आहे. माणसं तीन. संपादक आबा, ज्यांनी आयुष्यभर साप्ताहिक चालवलं. डोंगरातल्या बातम्या आणणारे दिलीपभाऊ. आणि मी, वैशाली, कॉम्प्युटरवाली.

आमच्या पानावर जाहिराती आपोआप येतात. कुठेतरी बसलेलं एक मशीन बातमी वाचतं आणि तिला शोभेल अशी जाहिरात शेजारी लावतं. त्याला नेमकं काय वाचायचं ते कळावं म्हणून मी बातमीत दोन टॅग घालते : इथून वाच, इथे थांब. आम्ही त्यांना खुणा म्हणतो. वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत. काम दोन मिनिटांचं, पण डोकं सगळ्यात जास्त त्यातच जातं.

*

पहिला मान सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीचा. दिलीपभाऊंनी झकास लिहिलं होतं. नवस फेडणारी माणसं होळीआधी कित्येक दिवस खाटेवर झोपत नाहीत, आंघोळ करत नाहीत, सगळं नेमानं पाळतात. मी कौतुकानं नेमक्या त्याच परिच्छेदाला खुणा घातल्या.

शेजारी जाहिरात आली ती मऊ गाद्यांची. खाली सुगंधी साबण!

दिलीपभाऊंनी खुर्ची ओढून दोन्ही जाहिराती वाचल्या. त्यांचा सख्खा मामा त्या वर्षी नवसाला बसला होता. मग शांतपणे म्हणाले, "मशीननं खाट वाचली, आंघोळ वाचली. 'नाही' तेवढं वाचलं नाही."

*

आबांना स्क्रीनवर वाचवत नाही. म्हणून मी बातमी छापून देते आणि ते पेन्सिलीनं खुणा करतात. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या अग्रलेखाला पहिल्या शब्दाआधी एक खूण केली आणि शेवटच्या शब्दानंतर दुसरी.

मी म्हटलं, "आबा, सगळंच आत घेतलं तर खुणेचा उपयोग काय?"

"लोकेसनी इतला वरीस सगळं वाचं," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मशीनले काय धाड भरनी?"

त्या अग्रलेखाशेजारी झोप न येण्यावरच्या औषधाची जाहिरात आली. ती मी आबांना दाखवली नाही.

*

आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचली जाते ती शोकवार्ता. सुरतेला, पुण्याला गेलेली मंडळी सकाळी आधी तेच पान उघडतात. ते पान गेलं तर आमची साइट गेली, हे आबा पहिल्यापासून सांगत आलेत.

एकदा मोटरपंपाच्या एका व्यापाऱ्याची आई वारली. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे बातमीत मुलाचा धंदा अगदी तपशिलात होता. मोटर, पाइप, रिवायंडिंग, सगळं. मशीननं तेच उचललं आणि माउलीच्या फोटोला खेटून त्यांच्या दुकानासमोरच्याच दुसऱ्या व्यापाऱ्याच्या पंपांची जाहिरात लावली.

ते गृहस्थ डोकं भादरलेलं, तसेच जिना चढून आले. "आबा, मन्ही माय मरनी, आन मोटर त्यानी इकाई ऱ्हायनी!"

आबांनी हात जोडले. त्या आठवड्यात आणखी दोन घरांनी आमच्याकडे शोकवार्ता द्यायचं टाळलं. मी घाबरले. म्हटलं, या पानावर जाहिरातीच बंद करून टाकते. आबा म्हणाले, "बंद कराले काय लागस? बातमी कोनी शे, ते पहिले ठरव. गयेलं मानूस सोडीसन आपन भलतीकडेच खूण करी ऱ्हायनूत."

*

मग मी प्रत्येक शोकवार्तेत गेलेलं माणूस शोधायला लागले. पुरुष सापडायचे. सोसायटीचे माजी चेअरमन, भजनी मंडळाचे पेटीवाले, ऊस उत्पादक. बायका सापडायच्या नाहीत. नाव एकदा, पुढे दोन मुलं, त्यांच्या नोकऱ्या, जावयांची गावं. खूण घालायला बाईची म्हणून एक ओळ नाही. मला त्याचा राग यायचा, आणि आधी आपल्या लक्षात कसं आलं नाही याची लाजही वाटायची.

मी घरी फोन करायला लागले. एकच प्रश्न, "त्या काय करायच्या?"

तापीकाठच्या एका गावातून मुलगा म्हणाला, "काय करे? घरमाच ऱ्हाये." तेवढ्यात मागून सुनेनं फोन घेतला. "ताई, लिहा. अख्ख्या गल्लीचे पापड त्यांच्या हाताखाली व्हायचे. पिठाला हात लावला की त्या सांगायच्या, आज लाटू नका, फाटतील."

मी तेवढंच लिहिलं आणि त्यालाच खुणा घातल्या. जाहिरात पापडाच्या मशीनची आली. मी धास्तावून सुनेला फोन केला. ती म्हणाली, "राहू द्या. बघून पोट धरून हसल्या असत्या."

*

यंदा आबांची बायको गेली. आम्ही त्यांना जिजी म्हणायचो. तिसऱ्या दिवशी मी घरी गेले. पुरुष मंडळी ओट्यावर होती, बायका आतल्या खोलीत. आबांनी शोकवार्ता स्वतः लिहून ठेवली होती. ज्येष्ठ पत्रकार अमुक यांच्या पत्नी, इथून सुरुवात. पुढे मुलं, सुना, नातवंडं.

कागद माझ्याकडे देता देता त्यांनी परत घेतला आणि पेन्सिल काढली. पहिल्या ओळीवर टेकवली, उचलली. दुसरीवर टेकवली, तिथूनही उचलली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू फोनवर काय इचारस लोकेसले?"

"त्या काय करायच्या, एवढंच."

आबांनी पेन्सिल खिशात ठेवली. "मन्ही जेवानी येळ तिले माहीत व्हती," ते म्हणाले. "माले तिन्हं काय माहीत शे?"

मग त्यांनी कागद पालथा केला, खिशातलं पेन काढलं आणि उठले. ओट्यावरची माणसं बाजूला सरकली. आबा सरळ आतल्या खोलीत गेले, जिथे या दिवसांत पुरुष जात नाहीत. मी त्यांच्या मागे. बायकांनी पदर सावरले. आबा उंबऱ्याच्या आत उभे, हातात कोरा कागद.

"ती काय करे," त्यांनी विचारलं, "कोनी सांगी का माले?"

मग शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी आपल्या अंगाखालची चटई अर्धी मोकळी केली.

"आधी बसा आबा," त्या म्हणाल्या. "येळ लागी."