कूलरचे चार बोल्ट

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि माझं डोकं लवकर तापतं. या दोन्ही गोष्टींची खोड एका उन्हाळ्यात कूलरच्या चार बोल्टांनी मोडली.

कूलर बाबांचा. आमच्या सक्करदऱ्याच्या घरी त्यांनी स्वतः पत्रा कापून, वेल्डिंग करून बनवलेला. जन्मभर फिटरचं काम केलेला माणूस, दुकानातला कूलर त्यांना डबडं वाटायचं. आदल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि हळूहळू त्यांनी काही मागणंच सोडलं. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर नाही. मार्चमध्ये कूलरची मोटर नुसती गुरगुरून बंद पडली, तेव्हा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ते आपणहून बोलले, "मोटर काढ. रिवाइंडिंगले दे."

मेकॅनिक आला. मोटरचे गंजलेले बोल्ट बघून म्हणाला, "ताई, कटरनं कापा लागते. मोटरचा स्टँड बी जाईन. प्लास्टिकचा नवा घेऊन टाका ना." बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते तोंड पुन्हा आमच्याकडे वळायचं असेल तर बोल्ट न कापता निघायला हवेत, एवढं मला कळलं. मेकॅनिकला चहा पाजून मी वाटेला लावलं.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. चार बोल्ट, चार तेलं. वरून सगळे सारखेच तांबडे. पहिल्याला आईनं माळ्यावर जपून ठेवलेलं रॉकेल, दुसऱ्याला डिझेल, तिसऱ्याला हार्डवेअरच्या दुकानातला महागडा स्प्रे. चौथ्याला माझं स्वतःचं मिश्रण, ॲसिटोन आणि गाडीच्या गिअरचं पातळ तेल, निम्मं निम्मं. तेच जिंकणार याची मला खात्री होती, कारण तेल जितकं पातळ तितकं आट्यांच्या फटीत खोल शिरतं. मी खडूनं नंबरही टाकले.

"नटबोल्टायलेच तेल पाजून राहिली," आई म्हणाली, "आमच्या वरणाले फोडणी कोण देईन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाना लावला. रॉकेलवाला दोन झटक्यांत सुटला. डिझेलवाला जरा कुरकुरला, पण सुटला. स्प्रेवाल्यानं तर त्रासच दिला नाही. माझा चौथा मात्र ढिम्म. पुन्हा मिश्रण ओतलं, पुन्हा जोर लावला, पाना सटकला आणि बोटाची सालटं निघाली. मी पाना फरशीवर आपटला आणि त्या तेलाला नाही नाही ते बोलले.

मागून आवाज आला. बाबा भिंत धरून, एकटे, दारापर्यंत आले होते.

"तेलाले काहून शिव्या देतं? मागच्या साली तू हा एकच खोलला होता ना?"

खरं होतं ते. दर पावसाळ्यात कूलर झाकण्याआधी बाबा चारही बोल्ट खोलायचे, ग्रीस लावायचे आणि परत कसायचे. त्या वर्षी ते दवाखान्यात होते, म्हणून काम माझ्यावर आलं. हाताशी आलेला पहिला, म्हणजे नेमका हाच बोल्ट खोलला तर त्यावर काळं मेण थापल्यासारखं ग्रीस. मला किळस आली. साबणाच्या पाण्यात घासून मी तो चकचकीत केला, कोरडाच कसला आणि बाकीच्या तिघांना हातही लावला नाही. संध्याकाळी दवाखान्यात बाबांनी वाकड्या झालेल्या तोंडानं विचारलं होतं, "चारही?" मी म्हटलं होतं, "हो बाबा, चारही."

म्हणजे बाबांचं जुनं ग्रीस ज्यांच्या आट्यांत होतं, ते तिघे कशानंही सुटले असते, खोबरेलानंही. अडकला होता तो मी स्वच्छ केलेला. इतकी लाज वाटली की मला रडू आलं.

"तुम्हाले कधी कळलं, बाबा?"

"तवाच. दवाखान्यात आली तं हात साफ होते तुये. कोणता खोलला, ते आज हा अडकला तं समजलं."

इतके महिने ते एका शब्दानं बोलले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"आता रडू नको. स्टूल आण," ते म्हणाले.

स्टुलावर बसून त्यांनी डाव्या हातानं हातोडी घेतली आणि बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके देत राहिले. मग तेल. मग चहा. मग पुन्हा ठोके. तेल कोणतं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. दुपारी म्हणाले, "आधी जरासा कस. मग खोल. गंज तुटला पायजे, बोल्ट नाही." पान्यावर त्यांचा डावा हात, त्यावर माझा. आम्ही बोल्ट आधी केसभर कसला. कट्ट आवाज झाला, आणि मग तो मुकाट्यानं उलटा फिरला.

चार दिवसांनी मोटर दुरुस्त होऊन आली. बसवायच्या वेळी मी ग्रीसचा डबा घेऊन बाबांसमोर बसले. डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. बोटं वळत नव्हती. मी ती ग्रीसमध्ये बुडवली आणि एकेक बोल्ट त्यांच्यावरून फिरवून घेतला. मग मोटर बसवून सगळे कसले.

"चारही?" बाबांनी विचारलं.

मी ग्रीसचा डबा बाजूला ठेवला. ग्रीसनं माखलेले माझे दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले.