उचलायच्या आधी
मंठ्याजवळच्या एका गावात, ओढ्याला लागून असलेल्या आळीत बेबीनंदा राहते. पन्नाशीची बाई. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय लुळे पडले, तेव्हापासून कुबड्यांवर चालते. अर्ध्या गावाचे ब्लाउज तीच शिवते.

तीन वर्षांपूर्वी भरदुपारी ओढ्याचं पाणी आळीत शिरलं. चार गडी धावत आले. कुणी हात धरला, कुणी पाय, आणि पोतं उचलावं तसं तिला शाळेत नेऊन टेकवलं. जीव वाचला, पण खांदा निखळला आणि कुबड्या घरातच राहिल्या. पाच दिवस ती वर्गाच्या फरशीवर. संडासला जायचं तरी कुणाला तरी हाक मारायची, म्हणून तिनं पाणी पिणंच कमी केलं. लोक म्हणायचे, "नशीब तुझं, वाचलीस!"

खांदा बरा झाल्यावर तिनं शेजारच्या पुष्पाबाईला बोलावलं.

"पुष्पाबाई, मला उचलून दाखव बरं."

"आत्ता? पाणी कुठंय?"

"पाणी आल्यावर शिकणार का मंग?"

पुष्पाबाई सुनेला, ज्योत्स्नाला घेऊन आली. बेबीनंदानं खाटेवर बसून सांगितलं, तिच्या मांड्यांखालून एकमेकींची मनगटं कशी पकडायची. ती स्वतः दोघींच्या गळ्यात हात टाकणार. पहिल्या खेपेला तिघीही धपकन खाटेवर कोसळल्या आणि हसत सुटल्या. दुसऱ्याच्या हातावर अंग टाकायची बेबीनंदाला फार लाज वाटायची. दहा-बारा वेळा झाल्यावर ती कमी झाली.

पुढं तालुक्याची माणसं पुराची माहिती द्यायला आली. अपंगांना आधी हलवायचं, असं वाचून दाखवत होती. बेबीनंदा बसल्या जागेवरून बोलली, "साहेब, हलवायचं बराबर हाये. पण कुठं धरायचं ते आम्हाला इचारा. आन् कुबड्या मागं ठेवू नका, ते आमचे पाय हायेत." शाळेच्या संडासाच्या तीन पायऱ्यांऐवजी उतार करा, म्हणून तिनं सरपंचांचाही पिच्छा पुरवला. सरपंच 'बघू' म्हणत राहिले, ती दर आठवड्याला जात राहिली. चौथ्या महिन्यात तिथं उतार झाला.

गेल्या सप्टेंबरात सकाळीच पाणी चढलं. पुष्पाबाई नेमकी मंठ्याच्या बाजाराला गेली होती. ज्योत्स्नानं पलीकडच्या धर्मराजला हाक मारली. त्यानं येताच बेबीनंदाच्या काखेत हात घातला.

"थांब भाऊ, खांदा धरू नको. आधी ऐक."

"आक्का, पाणी उंबऱ्याला लागलंय!"

"दिसून राह्यलं मला. तू ज्योत्स्नाचं मनगट धर."

ज्योत्स्नानं कुबड्या ओढणीनं पाठीला बांधल्या, औषधांची पिशवी बेबीनंदानं गळ्यात अडकवली. गुडघाभर पाण्यातून तिघं शाळेत पोचली. खांद्याला कळही आली नाही. दुपारी ती आपली आपण उठली आणि उतारावरून संडासला जाऊन आली.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. धर्मराज तिच्याजवळ येऊन बसला. त्याच्या वडिलांची, रामकिसन काकांची, एक बाजू लकव्यानं गेलेली. बेबीनंदानंतर त्यांना चादरीत गुंडाळून शाळेत आणताना ते लेकरासारखे रडले होते.

"आक्का, घरी येता का? बाबांसाठी काय करायचं, सांगा."

"येते की," बेबीनंदा म्हणाली. "पण तुझ्या आधी त्यांच्याशी बोलते."

त्या रविवारी ती काकांच्या खाटेजवळ तासभर बसली. कुठं धरलं की दुखतं, ते काका अडखळत सांगत होते. धर्मराज पहिल्यांदाच मधे न बोलता ऐकत होता.